घाण्यात गेलं किती, हाती आलं किती?

कच्चा माल आणि तयार माल यांची नोंद कॉम्प्युटरवर कशी करायची, आणि कुठं चुकायचं नाही



मागच्या वर्षीची गोष्ट आहे. आपल्या महासंघातल्या एका मसाला गटाचा तीन महिन्यांचा साठा मोजायला मी गेले होते. कॉम्प्युटर सांगत होता, कोठीत ६० किलो मिरची पाहिजे. काट्यावर भरली ४२ किलो. म्हणजे १८ किलो कमी. २०० रुपये किलोनं ३,६०० रुपयांचा माल.

कोठीची किल्ली एकाच मावशींकडं असते. बैठकीत तोंडानं कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा तिकडंच गेल्या. मावशी एवढंच म्हणाल्या, "मी मिरच्या घरी नेऊन करू काय गं? माझ्या घरी खाणारं हाय कोण?" त्यांनी किल्ली सतरंजीवर ठेवली आणि उठून गेल्या. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत.

मिरची चोरीला गेली नव्हती. चूक माझी होती, आणि ती कॉम्प्युटरवर नोंद करताना झाली होती. तशी चूक तुमच्या गटात होऊ नये म्हणून हा लेख लिहिते आहे. गटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आणि हिशोब समजायला सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

खरेदी आणि विक्री लिहिली की झालं, असं नाही

पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोब लेखन. बचतीचा हिशोब आपल्याला चांगला जमतो, कारण तिथं पैसा येतो आणि पैसाच जातो. १०० रुपये जमा केले तर ते १०० रुपयेच राहतात.

मालाचं तसं नाही. आपण जाधववाडीच्या मार्केटमधून मिरची, धने, खोबरं विकत आणतो आणि मसाला विकतो. मिरची विकली असं आपल्या वहीत कुठंच येत नाही. मग वहीच्या हिशोबानं मिरची कोठीत पडूनच राहते, आणि मसाला जणू आभाळातून पडतो. या दोन्हींच्या मधे एक काम झालेलं असतं. आपण मिरची वाळवली, देठं काढली, भाजलं, कांडलं, चाळलं आणि पाकिटं भरली. या कामाची नोंद म्हणजे उत्पादनाची नोंद. तिला दोन बाजू असतात:

एक, किती माल खर्ची पडला.
दोन, त्यातून किती माल तयार झाला.

या दोन्हींतला जो फरक, त्याला आपण घट म्हणतो. दळण टाकायला गेल्यावर आपण हेच तर करतो. ज्वारीचा डबा भरून देतो आणि पीठ घरी आलं की डबा हातानं तोलून बघतो. जास्तच हलका लागला तर गिरणीवाल्याला विचारतो. गटाच्या मालाला मात्र आपण हा प्रश्न विचारत नाही.

'उतारा' हा शब्द आपल्याला नवा नाही

आपल्या भागातल्या कितीतरी ताई ऊसतोडीला जाऊन आल्या आहेत. साखर कारखान्याचा 'उतारा' हा शब्द त्यांनी ऐकलेला असतो. १०० किलो उसातून जेवढे किलो साखर निघते तो उतारा. उसाचा एफआरपी भावसुद्धा या उताऱ्याला बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं क्विंटलला ३५५ रुपये भाव ठरवला तो १०.२५ टक्के उताऱ्याला. म्हणजे एक टन उसाला १०२.५ किलो साखर. उतारा त्याच्या वर गेला की भाव वाढतो. कारखान्यात आत येणारा ऊस काट्यावर मोजतात, बाहेर पडणारी साखरही मोजतात. दोन्ही वजनं असल्याशिवाय उतारा काढताच येत नाही.

आपल्या मसाल्यालाही उतारा आहे. पापडाला आहे, शेवयांना आहे, डाळीला आहे. फक्त आपण तो काढत नाही.

आणि त्यासाठी कॉम्प्युटर लागतोच असंही नाही. लिज्जत पापडचं उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली, खाटेवर पापड पसरले आणि खालून ऊब दिली. नंतर काम वाढत गेलं. पुष्कळ बहिणी केंद्रातून मळलेलं पीठ घरी नेतात, लाटलेले पापड वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणून देतात. पीठ तोलून दिलं जातं, पापड तोलून आणि तपासून घेतले जातात, आणि त्यावर लाटण्याची मजुरी मिळते. जाताना एक वजन, येताना एक वजन. कोण कमी, कोण जास्त असा वाद घालायला जागाच उरत नाही. संस्था हजारो बहिणींची झाली, तरी पाया या दोन वजनांचाच आहे.

पहिलं काम: घाणा-पत्रक

कॉम्प्युटर नंतर. आधी कागद. एका वेळी जेवढा माल आपण करतो त्याला आपण घाणा म्हणतो. पाकिटाच्या लेबलावर त्यालाच बॅच म्हणतात. प्रत्येक घाण्याला एक कागद लावायचा, त्याच दिवशी, काम चालू असताना. संध्याकाळी घरी जाऊन आठवून लिहायचं नाही. पत्रकात एवढंच हवं:

१. तारीख आणि घाणा नंबर
२. कोठीतून काय काय काढलं, प्रत्येकाचं वजन
३. साफ केल्यावर, वाळवल्यावर किती राहिलं
४. कांडून, चाळून तयार माल किती झाला
५. पाकिटं किती भरली, पाउच किती गेले (फाटलेले धरून)
६. काय उरलं: देठं, चाळ, सांडलेलं
७. किती जणी, किती वेळ, गॅस-वीज किती
८. माल देणारीची आणि घेणारीची सही

आठवी ओळ छोटी वाटते, पण तीच महत्त्वाची आहे. दोन सह्या असल्या की किल्लीवाल्या मावशींवर एकट्यावर भार पडत नाही.

काटा एकच वापरायचा. आणताना एका काट्यावर आणि काढताना दुसऱ्या काट्यावर असं केलं, तर काट्यातला फरक आपल्याला माणसातला फरक वाटायला लागतो.

दुसरं काम: कॉम्प्युटरवर नोंद

आपल्या महासंघाच्या ऑफिसात टॅली प्राइम आहे. लेखापाल ताई नोंद करतात, पण गटातल्या प्रत्येकीनं निदान एकदा त्यांच्या शेजारी बसून हे बघावं. आपल्याच मालाचा हिशोब आहे. टप्पे असे:

*टप्पा १: मालाची नावं.* प्रत्येक वस्तूचं टॅलीत स्टॉक आयटम म्हणून नाव काढायचं आणि त्याचं माप ठरवायचं. मिरची, धने किलोत, पाउच नगात. तयार मालाचंही नाव काढायचं, जसं 'काळा मसाला २५० ग्रॅम', माप नग.

*टप्पा २: प्रमाण भरणं.* काळ्या मसाल्याच्या एका घाण्याला काय काय लागतं ही यादी टॅलीत एकदाच भरून ठेवता येते. तिला बिल ऑफ मटेरियल म्हणतात. तयार मालाचं नाव काढताना एफ १२ दाबून हा पर्याय चालू करायचा, किती नगांसाठी हे प्रमाण आहे ते लिहायचं आणि खाली एकेक जिन्नस भरायचा. आपण घरी म्हणतो ना, पायलीला इतकं मीठ, तसंच हे.

*टप्पा ३: उत्पादनाचं व्हाउचर.* टॅलीत स्टॉक जर्नल नावाचं व्हाउचर आधीपासून असतं. त्याच्या हाताखाली एक नवीन व्हाउचर प्रकार काढायचा आणि 'मॅन्युफॅक्चरिंग जर्नल म्हणून वापरा' याला हो म्हणायचं. त्याला सरळ 'उत्पादन नोंद' असं नाव देता येतं. हे एकदाच करायचं काम आहे.

*टप्पा ४: रोजची नोंद.* ऑल्ट आणि एफ ७ दाबलं की स्टॉक जर्नल उघडतं, तिथून आपली उत्पादन नोंद निवडायची. कोणता माल केला ते निवडायचं, किती नग झाले ते लिहायचं. लगेच भरून ठेवलेल्या प्रमाणावरून सगळे जिन्नस आपोआप खाली येतात. पुढं वरखर्च लिहायला जागा असते: मजुरी, गॅस, वीज. सगळ्यात खाली टॅली एका नगाची किंमत काढून देतं.

नोंद साठवली की मिरची, धने, खोबरं साठ्यातून कमी होतात आणि पाकिटं साठ्यात जमा होतात. एकाच नोंदीत दोन्ही बाजू येतात.

एक लक्षात ठेवा. ही मालाची नोंद आहे, पैशाची नाही. इथं मजुरी १,२०० रुपये लिहिली म्हणून ती दिली असं होत नाही. मजुरी दिल्याची पेमेंटची नोंद वेगळी करावीच लागते.

इथंच मी चुकले

चौथ्या टप्प्यात 'आपोआप' हा शब्द आला तो बघा. प्रमाण भरताना मी गटातल्या ताईंना विचारलं होतं, "एका घाण्याला मिरची किती?" त्या म्हणाल्या, "दहा किलो." मी दहा किलो लिहिलं. त्यानंतर प्रत्येक घाण्याला मी फक्त पाकिटांचा आकडा टाकायचे, बाकीचे आकडे आपोआप यायचे, आणि मी एंटर, एंटर, एंटर दाबत जायचे. पत्रक भरून घेत नव्हते. वाटायचं, कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे बरोबरच असणार.

दोन बैठका झाल्या तरी मावशी आल्या नाहीत म्हणून मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला. मी परत विचारलं, मावशी, नक्की किती मिरची काढता? त्या म्हणाल्या, "पोरी, कोठीतनं बारा किलो काढते. ऊन दाखवलं, देठं काढली की दहा ऱ्हाते. दहा जाती कांडपाला. आजवर कुणी इचारलं का मला?"

कुणीच विचारलं नव्हतं. ताई सांगत होत्या ती साफ मिरची. कोठीत होती ती देठाची मिरची. दोन्हीला आपण मिरचीच म्हणतो. टॅली प्रत्येक घाण्याला १० किलो कमी करत होतं आणि कोठीतून जात होती १२. तीन महिन्यांत नऊ घाणे झाले. नऊ दुणे अठरा. तीच ती १८ किलो मिरची. ती कुणाच्या घरी नव्हती. १० किलो आणि वर देठांच्या रूपानं उकिरड्यावर होती, उरलेली उन्हात उडून गेली होती.

नुसती मिरचीच नाही, भावही चुकला

आता एका घाण्याचा पूर्ण हिशोब बघा. कोठीतून निघालेला माल असा:

मिरची (देठाची) १२ किलो, २०० रुपयांनं: २,४०० रुपये
धने ६ किलो, १२० रुपयांनं: ७२० रुपये
सुकं खोबरं २ किलो, २५० रुपयांनं: ५०० रुपये
तीळ १ किलो: १८० रुपये
खडा मसाला १ किलो: ९०० रुपये
तेल १ किलो: १५० रुपये
मीठ १ किलो: २० रुपये
पाउच आणि लेबल ८४ नग, अडीच रुपयांनं: २१० रुपये
मजुरी, चार जणी, ३०० रुपयांनं: १,२०० रुपये
गॅस आणि वीज: २०० रुपये

एकूण: ६,४८० रुपये

आत गेलेला माल २४ किलो. तयार मसाला २१ किलो, म्हणजे पाव किलोची ८४ पाकिटं. घट ३ किलो: देठं १ किलो ३०० ग्रॅम, उन्हात ७०० ग्रॅम, धने-खोबरं निवडण्या-भाजण्यात ६०० ग्रॅम, कांडप आणि चाळणीत ४०० ग्रॅम. उतारा साडेसत्त्याऐंशी टक्के.

६,४८० ला ८४ नं भागलं तर एक पाकीट पडतं ७७ रुपये १४ पैशांना.

माझ्या चुकीच्या नोंदीत मिरची १० किलोच होती, म्हणून एकूण खर्च ६,०८० रुपये दिसायचा आणि पाकीट ७२ रुपये ३८ पैशांना पडायचं. गटानं त्यावरून ७५ रुपये भाव ठरवला. कॉम्प्युटर म्हणायचा, घाण्याला २२० रुपये नफा. खरं तर ८४ पाकिटं ७५ नं विकून यायचे ६,३०० रुपये, आणि खर्च होता ६,४८०. घाण्याला १८० रुपये तोटा. नऊ घाण्यांत कागदावर १,९८० रुपये नफा आणि खऱ्यात १,६२० रुपये तोटा.

हा तोटा कुठून भरला गेला? मिरचीवाल्यानं पैसे सोडले नाहीत, गॅसवाल्यानं सोडले नाहीत. तो आपल्याच मजुरीतून गेला. चौघींनी दिवसभर भट्टीसमोर बसून ३०० रुपये मिळवले असं त्यांना वाटत होतं, पण धंद्यानं त्यांना २५५ च दिले होते. बाकीचे ४५ गटाच्या शिलकीतून, म्हणजे त्यांच्याच बचतीतून येत होते. म्हणून मी म्हणते, ही नोंद ऑडिटसाठी नाही, आपल्या मजुरीसाठी आहे.

मग आता कसं करतो?

त्या गटात आता एका घाण्याच्या दोन नोंदी होतात. पहिली साफसफाईची: देठाची मिरची १२ किलो गेली, 'साफ मिरची' १० किलो आली. दुसरी मसाल्याची: साफ मिरची १० किलो आणि बाकीचे जिन्नस गेले, पाकिटं आली. टॅलीत साफ मिरचीचं वेगळं नाव काढलं आहे. त्यामुळं एक गोष्ट सगळ्यांना डोळ्यांनी दिसली: २०० रुपयांची मिरची साफ होईपर्यंत २४० रुपयांची होते. मग बिनदेठाची मिरची २२० नं मिळत असेल तर ती महाग की स्वस्त? हा प्रश्न बैठकीत एका ताईंनीच विचारला. आधी आम्ही २२० चा भाव ऐकूनच पुढं जायचो.

दुसरं, आपोआप आलेला आकडा आम्ही तसाच सोडत नाही. पत्रकावर जे वजन आहे ते व्हाउचरमध्ये टाकतो. भरून ठेवलेलं प्रमाण म्हणजे अंदाज. काट्यावरचं वजन म्हणजे खरं. दोन्हींत फरक पडला तर व्हाउचरमध्ये खरं वजन लिहायचं आणि फरक का पडला ते पत्रकामागं लिहायचं. पाच-सहा घाण्यांत सारखाच फरक येत असेल, तरच मूळ प्रमाण बदलायचं.

तिसरं, मी ते नऊ जुने व्हाउचर एकेक उघडून दुरुस्त केले. टॅलीत प्रत्यक्ष साठ्याची नोंद टाकून ६० चे ४२ एका मिनिटात करता येतात. पण तसं केलं असतं तर आकडा जुळला असता आणि मावशींवरचा संशय तसाच राहिला असता. आकडा का चुकला ते कळल्याशिवाय जुळवायचा नाही.

उरलेल्या मालाचं काय?

मिरचीची देठं कुणी विकत घेत नाही, पण तीही तोलायची. ती तोलली नाहीत तर घट कुठं झाली ते कळत नाही. टॅलीत अशा वस्तूला स्क्रॅप म्हणून वजन लिहिता येतं, किंमत शून्य.

डाळ मिलवाल्या गटांचं वेगळं आहे. १०० किलो तुरीला साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते. बाकीची चुनी आणि टरफल. चुनी जनावरांना चालते आणि तिला गिऱ्हाईक असतं. ती जोडमाल म्हणून, किमतीसह, त्याच उत्पादन नोंदीत लिहायची. चुनीची किंमत एकूण खर्चातून वजा होते आणि डाळीचा खरा भाव कळतो. चुनी न लिहिता परस्पर विकली तर दोन गोष्टी होतात: डाळ उगाच महाग दिसते, आणि चुनीच्या पैशांवरून कुजबुज सुरू होते.

पापड-कुरडयावाल्या ताईंनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तुमच्याकडं आधी वजन वाढतं, कारण पिठात पाणी पडतं. मग वाळल्यावर ते उतरतं. म्हणून कोरड्या पिठाचं आणि पूर्ण वाळलेल्या पापडाचं वजन धरायचं. मळलेल्या पिठाचं वजन वाटपासाठी ठीक आहे, उताऱ्यासाठी नाही. आणि पावसाळ्यातला उतारा उन्हाळ्यातल्याशी जुळत नाही म्हणून घाबरायचं नाही. कोठीतला माल ओल धरतो, वजन वाढतं. ऋतूप्रमाणं दोन-तीन वर्षांचे आकडे साठले की तुमच्या गावाचा उतारा तुम्हालाच सांगता येईल.

घाणा नंबर कशाला?

अन्न सुरक्षेच्या नियमाप्रमाणं पाकिटावर बॅच नंबर लागतो. बऱ्याच गटांत तो नुसता छापायचा म्हणून छापतात. पण पत्रकावर, टॅलीत आणि पाकिटावर तोच नंबर असला तर तो कामाला येतो. समजा, एखाद्या दुकानदारानं सांगितलं की मसाला कडवट लागतोय. नंबर बघितला की कळतं, कोणत्या तारखेचा घाणा, कोणती मिरची, भाजायला कोण होतं. तेवढीच ८४ पाकिटं परत मागवायची. नंबर नसेल तर सगळाच माल संशयात येतो, आणि गटातल्या सगळ्याजणीही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*साठा उणे का दाखवतो?* बहुतेक वेळा खरेदीची नोंद राहिलेली असते किंवा पुढच्या तारखेची पडलेली असते. मिरची दहा तारखेला आणली, घाणा बाराला केला, पण बिल पंधराला नोंदवलं, तर टॅलीला वाटतं नसलेली मिरची वापरली. बिल आलं त्याच तारखेला नोंदवायचं.

*आम्ही मजुरी घेत नाही, मग ती लिहायची का?* लिहायचीच. आज गटातल्या ताई फुकट करतात, उद्या ऑर्डर मोठी आली तर बाहेरच्या बायका लावाव्या लागतील. तेव्हा भाव एकदम वाढवला तर गिऱ्हाईक जाईल. आणि फुकट केलेलं काम कागदावर नसेल तर ते कुणालाच दिसत नाही, घरातल्यांनाही नाही.

*एक पाउच फाटला, तोही लिहायचा?* हो. ८४ पाकिटं भरली आणि पाउच ८६ गेले, तर ८६ लिहायचे. दोन पाउचांचे पाच रुपये होतात. पण दर घाण्याला दोन फाटत असतील तर पाउच हलके आहेत किंवा सीलिंग मशीन जास्त तापतंय, हे त्यातूनच कळतं.

*आमच्याकडं कॉम्प्युटरच नाही.* घाणा-पत्रक भरा. आठवड्याला त्याचा फोटो लेखापाल ताईंना पाठवा आणि मूळ कागद फाइलला लावा. कॉम्प्युटर फक्त बेरीज-वजाबाकी लवकर करतो. वजन आपणच करायचं आहे.

*एवढं करून फायदा काय?* बँकेत कर्जाला गेलं की साहेब विचारतात, महिन्याला माल किती होतो, खर्च किती पडतो? २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत मशीनसाठी ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं, आणि अन्न प्रक्रिया करणाऱ्या गटांतल्या ताईंसाठी प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल. अशा कोणत्याही योजनेचा प्रकल्प अहवाल करायला बसलं की हेच आकडे लागतात. पत्रकांची फाइल असली तर ते आपण सांगतो. नसली तर अहवाल करून देणारा माणूस मनानं टाकतो, आणि हप्ते आपण फेडतो.

शेवटी

त्या गटाच्या पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर हिशोब मांडला. एका ताटात १२ किलो देठाची मिरची, दुसऱ्यात साफ केलेली, तिसऱ्यात देठं. तिन्ही काट्यावर ठेवली. मग मावशींची माफी मागितली. ज्यांच्या नजरा त्या दिवशी तिकडं गेल्या होत्या, त्याही बोलल्या. मावशींनी किल्ली परत घेतली, पण एका अटीवर. म्हणाल्या, "आता सही दोघींची. मी एकटी न्हाई."

मसाल्याचा भाव ८५ रुपये केला. दोन दुकानदार कुरकुरले, एकानं ऑर्डर कमी केली. पण आता गटाला माहीत आहे की ८० च्या खाली उतरायचं नाही, आणि का नाही तेही सांगता येतं.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक उत्पादक गटानं एका घाण्याचं पत्रक भरून आणायचं आहे. एकच घाणा, पण खरा तोललेला. आणायच्या आधी कोठी सांभाळणाऱ्या, भट्टीवर बसणाऱ्या, देठं काढणाऱ्या ताई-मावशींना विचारा, नक्की किती घेता? आकडा त्यांच्याकडं असतो.

— तुमची क्षेत्र समन्वयक